लागलं तर?

आमच्या लिंबागणेशात बप्पा दोन. एक देवळातले, भालचंद्र. त्यांच्याकडं मागायला गेलं तर मिळेलच याची खात्री नसते, पण ऐकून घेतात. दुसरे पिकअपवाले. त्यांच्याकडं मागायला गेलं की मिळतंच, फक्त आधी आपल्याला ऐकून घ्यावं लागतं. हे दुसरे बप्पा काही आमच्या एकट्या गावाची मिरास नाहीत. मांजरसुंब्यापासून पाटोद्यापर्यंत दर दोन गावांआड असा एक तरी इसम निघतो. नाव वेगळं, आडनाव वेगळं, पक्ष तर हमखास वेगळा. पण पांढऱ्या पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या मागच्या कोपऱ्यात सुताच्या दोरीनं आवळून बांधलेले कॅन तेच, आणि तोंडातला मंत्रही तोच: "लागलं तर?"

आता, लिंबागणेश काही आडरानात नाही. अहमदपूर-नगर रस्त्यावरचं गाव आहे. मांजरसुंब्याला गेलं की धुळे-सोलापूरचा मोठा महामार्ग आडवा येतो. रस्त्यानं पंप आहेत, गाडीत काटा आहे, काट्याच्या पोटात लाल दिवा आहे, आणि हे सगळं एकदम दगा देईल असा योग पंचांगात तरी दिसत नाही. पण बप्पांचा काट्यावर विश्वास नाही. "काटा काय, कंपनीचा मानूस. तो कंपनीकडूनच बोलनार." म्हणून ते गाडीखाली उकिडवे बसतात आणि उजव्या हातातल्या अंगठीनं टाकीवर टिचक्या मारत वर-वर सरकतात. आवाज जिथं बदलतो तिथं बोट ठेवतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "बावीस लिटर." काटाही साधारण तेच दाखवत असतो. पण तो बप्पांच्या मते योगायोग.

हौद्यातली मांडणी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. निळा पस्तीस लिटरचा कॅन सगळ्यात आत. त्याच्यापुढं गोडेतेलाचे पंधरा-पंधराचे तीन, आणि फटींमध्ये इंजिन ऑइलचे पाच-पाच लिटरचे चार. एकूण शंभर लिटर. प्रत्येक झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा घालून फिरकी आवळलेली. कोल्ड्रिंकची बाटली मधोमध कापून केलेलं नरसाळं, गाळायला जुन्या धोतराचं फडकं, आणि डिझेल ओढायला ठिबकची सोळा एमएमची नळी, वेटोळं करून कुलपाच्या कडीला अडकवलेली. या नळीतून तोंडानं ओढायचं कसब बप्पांनी तरुणपणी कमावलंय. ओठाला डिझेल लागायच्या आत नळी खाली वळवायची असते. पोरांना ते जमत नाही. पोरं थुंकत बसतात आणि बप्पा एखाद्या उस्तादानं शागिर्दाकडं बघावं तसे त्यांच्याकडं बघतात.

या शंभर लिटरचं वजन मी एकदा काढून दिलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं असली अप्रिय कामं माझ्याकडं येतात. डिझेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरला साधारण ८३० ग्रॅम. म्हणजे शंभर लिटरचे ८३ किलो, कॅनचं वजन वेगळं. एक धडधाकट माणूसच झाला. बप्पा हा माणूस गाडीत घालून बारा महिने फिरतात. घाटात त्याला ओढायला डिझेल जादा जळतं, आणि ते जादा जळतं म्हणून सोबत जादा ठेवावं लागतं. हे त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी अजून पाच लिटर पायजे म्हना की."

या स्वभावाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. बालाघाटाच्या या पट्ट्यात उद्या अमुक मिळेल या भरवशावर कुणी जगलेलं नाही. १९७२ च्या दुष्काळात बप्पांचे वडील खडी फोडायला होते. कामावर सुकडी वाटायचे, त्यातली एक मूठ ते कायम धोतराच्या सोग्याला बांधून घरी आणायचे. घरी खाणारी तोंडं होती, तरी ती मूठ दुसऱ्या दिवशीच सुटायची. आजही आमच्याकडं घरासमोर रांगेनं ड्रम दिसतात. ते पाण्याचे. नळ यायचा वार ठरलेला असतो, तास ठरलेला नसतो. माणसं भरून ठेवतात. बप्पांनी तीच निष्ठा फक्त पाण्यावरून डिझेलवर नेली. यावर काकूंचं म्हणणं असं, की ती नेताना पाण्यावर थोडी ठेवायला हवी होती. "हंडाभर पानी शेंदून ठिवा म्हनलं तर ह्यांची कंबर धरती. पस्तीस लिटरचा कॅन उचलताना ती कुटं जाती?"

शिवाय बप्पांनी उमेदीत ऊसवाहतुकीचा ट्रक चालवलाय. आमच्या जिल्ह्याची निम्मी कहाणी उसाच्या फडात लिहिलेली आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं बायकापोरं, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या ट्रकात घालून सांगली-कोल्हापूरकडं आणि पुढं कर्नाटकात निघतात. तिथं कारखान्याच्या तळावर कोप्या बांधून पट्टा पडेपर्यंत राहतात. शहरातली माणसं पैसे भरून तंबूत झोपतात त्याला हल्ली कॅम्पिंग म्हणतात. आमच्याकडं हे लोक पिढ्यान्‌पिढ्या करतात आणि वर अंगावर कर्ज घेऊन परत येतात. तर या तळांवर रात्री टाक्यांमधलं डिझेल चोरीला जायचं. ड्रायव्हर झोपला की कुणीतरी नळी घालायचा. बप्पा डिझेल काढून कॅनमध्ये भरायचे आणि कॅन उशाला घेऊन झोपायचे. उशाला कॅन असल्याशिवाय आपल्याला अजूनही गाढ झोप लागत नाही, असं ते सांगतात. काकू सांगतात की कॅन असला की दुसऱ्या कुणाला लागत नाही.

पुढं भावाच्या घोषणांनी ही सवय पक्की केली. तरुण वाचकांना आठवणार नाही, पण एके काळी डिझेल-पेट्रोलची वाढ टीव्हीवर संध्याकाळी जाहीर व्हायची आणि मध्यरात्रीपासून लागू व्हायची. मधले चार-पाच तास म्हणजे बप्पांची दिवाळी. जेवण अर्धवट टाकून कॅन घेऊन पंपावर. तिथं जिल्ह्यातले सगळे बप्पा जमायचे. त्या रांगेत सोयरिकी जुळल्याचं मला माहीत आहे. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोजच्या रोज बदलायला लागले आणि ही मजा गेली. आता सकाळी सहाला भाव पैशा-पैशानं हलतो किंवा महिनोन्‌महिने हलतच नाही. बप्पा म्हणतात, "ह्याला काय चव हाय? भाव कसा वाजतगाजत वाढला पायजे."

मुक्कामाला जायची टूम गावात पोरांनी आणली. पावसाळ्यात सौताड्याला विंचरणेचा धबधबा बघायचा आणि माळावर रात्र काढायची, किंवा मेच्या शेवटी अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडं काजवे बघायला जायचं. गाडी बप्पांची. कारण चिखलात, ओढ्यात, खडकाळ गाडीवाटेनं घालायला दुसऱ्या कुणाचं मन धजत नाही आणि बप्पांचं मन त्यासाठीच आसुसलेलं असतं. हौद्यावर ताडपत्रीचं छप्पर, खाली सतरंज्या, गॅसची छोटी शेगडी, पातेली, कांदे-बटाट्याचं पोतं आणि पोरं. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवू नयेत असा कायदा आहे. आमच्याकडं तो वऱ्हाडाच्या दिवसांत कुणाला आठवत नाही, त्यामुळं इतर दिवशीही कुणी काढत नाही.

पहाटे पाचला निघायचं ठरतं. पाचला बप्पा पंपावर असतात. आठ वाजता निघतो. मधले तीन तास हा एक विधी आहे.

पंपावर पाटी असते, बाटलीत पेट्रोल मिळणार नाही. पंपावरचं पोरगं कॅनकडं बघून मान हलवतं. बप्पा म्हणतात, "बाटली न्हाई, कॅन हाय. पेट्रोल न्हाई, डिझेल हाय. आन् मी कोन हाय ते तुज्या मालकाला इचार." या तीन मुद्द्यांपैकी पहिले दोन बिनतोड असतात. मग कॅन हौद्यातच ठेवून नोझल वर घ्यायची हुक्की येते. ते मात्र मी करू देत नाही. प्लास्टिकचा कॅन प्लास्टिकच्या ताडपत्रीवर ठेवून भरला की इंधनाच्या प्रवाहानं त्यात स्थिर वीज साठते आणि तिला जमिनीत उतरायला वाट राहत नाही. डिझेलपेक्षा पेट्रोलच्या बाबतीत हे जास्त घातक, पण सवय एकच असावी. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, नोझलचं तोंड कॅनच्या काठाला टेकवून ठेवायचं, सावकाश भरायचं. हे मी बप्पांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते चटकन तयार झाले. मला माझ्या शिकवण्याचं कौतुक वाटलं. मग कळलं, कॅन खाली ठेवला की मशिनचा आकडा नीट दिसतो, एवढंच त्यांना पटलं होतं.

दुसरा वाद काठोकाठ भरण्याचा. थोडी जागा मोकळी सोडा म्हटलं तर ते हात नाचवतात. "पैसे डिझेलचे द्यायचे आन् हवा घिऊन जायची, हे कुटलं शहानपन?" डिझेल तापलं की फुगतं. सकाळी गार असताना भरलेल्या वीस लिटरचं तापमान दुपारी पंधरा अंशांनी वाढलं तर पाव लिटर जास्तीची जागा मागतं. मेमध्ये बीडचं ऊन चाळीसच्या वर असतं, आणि ताडपत्रीखाली त्याहून. तो पाव लिटर मग दुधाच्या पिशवीला न जुमानता बाहेर येतो आणि सतरंजीत मुरतो. भंडारदऱ्याच्या वाटेवर पोरांनी आणलेल्या धपाट्यांना जो वास होता तो लसणाचा नव्हता.

बप्पांचा आवडता खेळ म्हणजे थेंबभर डिझेल दगडावर टाकून त्यात जळती काडी विझवून दाखवणं. "बघा सर, पेटत न्हाई. गरीब गाय हाय डिझेल म्हंजी." पोरं टाळ्या वाजवतात. मी एका पावसाळी संध्याकाळी हे बघितलं तेव्हा खरंच काडी विझली होती. पण गायीलाही शिंगं असतात. बाजारात मिळणाऱ्या डिझेलचा ज्वलनबिंदू कमीत कमी ३५ अंश असावा एवढंच मानक मागतं. म्हणजे त्या तापमानाला त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ जमू शकते. पाऊस पडत असताना तो दगड होता पंचवीस अंशांना. हाच प्रयोग मेच्या दुपारी, उन्हात तापलेल्या पत्र्यावर, शेगडीशेजारी करायचा नसतो. बप्पांनी तो करूही नये म्हणून मी शेगडी आणि कॅन एका हौद्यात दोन टोकांना बांधायला लावतो. मधे पोरं बसतात. त्यातला एक जण चोरून विडी ओढतो असा मला संशय आहे.

डिझेलही शिळं होतं, हे मात्र बप्पांना कुणी शिकवावं लागलं नाही. कॅनमध्ये रात्रीच्या गारव्यानं आतून दव धरतं, पाणी तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर काळसर बुळबुळीत शेवाळासारखं काहीतरी वाढतं. ते फिल्टरमध्ये गेलं की गाडी धापा टाकते. म्हातारी आज्जी जशी कणगीतली जुनी ज्वारी आधी काढते आणि नवी मागं ठेवते, तसे बप्पा दर अमावास्येला जुने कॅन टाकीत ओततात आणि नवे भरतात. अमावास्या कामून, असं विचारलं तर म्हणतात, ध्यानात राहते. हिशेबानं बघितलं तर बप्पांची गाडी कायम महिनाभर जुन्या डिझेलवर चालते आणि ताजं डिझेल कायम कॅनमध्ये असतं. हेही मी त्यांना सांगून बघितलं. जाऊ द्या.

आता खरी गोष्ट. इतक्या वर्षांत बप्पांच्या गाडीचं डिझेल वाटेत कधीच संपलं नाही. संपेल कसं? आडवाटेला लागायच्या आधी ते टाकी गळ्यापर्यंत भरतात. कॅन लागतो तो दुसऱ्याला. रस्त्याच्या कडेला एखादा ट्रॅक्टर, एखादा टेम्पो झाडाची फांदी मागं लावून उभा दिसला की बप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते पोराच्या लग्नातही दिसलं नव्हतं. गाडी थांबते. पहिला प्रश्न, "संपलं का?" समोरचा नाही म्हणाला, टायर बसलंय किंवा बेल्ट तुटलाय म्हणाला, तर बप्पांचा चेहरा उतरतो. हो म्हणाला की व्याख्यान सुरू. कुठून निघालाव, किती टाकून निघालाव, काट्यावर इस्वास ठिवला व्हय, बायका-लेकरं संगं असताना असं करत्यात का. माणूस खाली मान घालून ऐकतो. मग नळी निघते, नरसाळं निघतं, फडकं निघतं. पाच लिटर ओतले जातात. एवढ्यावर भागत नाही, कारण टाकी कोरडी पडली की डिझेलच्या गाडीत लायनीत एअर धरतो. नुसतं ओतून स्टार्टर मारत बसलं तर बॅटरी उतरते. बप्पा बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबत राहतात, नट किंचित सैल करून फेस बघतात, फेस जाऊन सलग धार आली की नट आवळतात आणि म्हणतात, "आता मार." गाडी एका दमात उठते. त्या क्षणी बप्पांकडं बघावं. पैसे मात्र पंपाच्या भावानंच घेतात, रुपया वर नाही. काही जण उद्या देतो म्हणतात. त्या उद्यांची यादी केबिनच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेली आहे. पाऊस आला की ती पुसली जाते, आणि बप्पा ती पुन्हा लिहीत नाहीत.

एका श्रावणात सौताड्याच्या अलीकडच्या माळावर आम्ही उतरलो तेव्हा शेजारी पुण्याच्या तीन चकचकीत जीपगाड्या येऊन थांबल्या. टपावर तंबू, पुढं दोरखंडाचं चक्र, आणि मागच्या दाराला ऑलिव्ह हिरव्या रंगाचे पत्र्याचे कॅन, कातडी पट्ट्यानं बांधलेले. बप्पा ते बघून मंत्रावल्यासारखे चालत गेले. पत्र्यावर दोन्ही बाजूंनी फुलीसारख्या खोल खाचा, वरती तीन मुठी. हा कॅन मूळचा जर्मन लष्कराचा, १९३७ च्या सुमाराचा, वीस लिटरचा. तीन मुठींमागं डोकं आहे. एकट्यानं नेताना मधली मूठ, दोघांत नेताना कडेच्या दोन, आणि रिकामे असले की शेजारच्या दोन कॅनच्या मुठी एका हातात येतात. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य पातळ पत्र्याच्या डब्यांतून पेट्रोल नेत होतं. ते डबे वाटेतच गळून जात. त्यांना हे जर्मन कॅन सापडले तेव्हा त्यांनी सरळ नक्कल केली. हे सगळं मी बप्पांना सांगितलं. ते प्रत्येक मुठीला हात लावून बघत होते.

"जर्मन बी आपल्यासारकाच इचार करतो म्हना की," ते म्हणाले.

मग त्यांनी न राहवून कॅन जरा हलवला. आतून काही आवाज आला नाही. पुन्हा हलवला. टिचकी मारली. अंगठी ठण्ण वाजली.

"दादा, ह्याच्यात काय हाय?"

"रिकामाच आहे काका. लूकसाठी आहे तो."

बप्पा परत आमच्या शेगडीशी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "सर, एवढा चांगला कॅन आन् त्येला उपाशी ठिवलाय." मी त्यांचं सांत्वन करायला म्हणून सांगितलं, की १९४२ मध्ये त्याच वाळवंटात रोमेल नावाच्या जर्मन सेनापतीकडंही हे उत्तम कॅन होते आणि भरायला इंधन नव्हतं. त्याचे रणगाडे त्यापायी अडले. बप्पांना रोमेलबद्दल फार वाईट वाटलं. तो कुणाच्या बाजूनं लढत होता हे सांगितल्यावर थोडं कमी झालं. सकाळी निघताना त्यांनी त्या पुणेकरांना विचारलंच, "पाच लिटर टाकू का, असू द्या, लागलं तर?" त्यांच्या गाड्या पेट्रोलच्या निघाल्या.

पेट्रोल. तिथंच बप्पांचं घोडं पेंड खातं. १ जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध देशभरातल्या ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. टँकर हलेनात. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर पंपांवर झुंबड, कुठं साठा संपल्याच्या पाट्या. बप्पांनी सकाळीच आंघोळ करून पांढरे कपडे घातले, पिकअप पारापाशी आडवी लावली आणि हौद्याचं फाळकं पाडलं. आयुष्यभर वाट बघितलेला दिवस उगवला होता. लोक आले, रांग लागली. प्रत्येकाच्या हातात बाटली होती आणि बाटलीमागं मोटारसायकल उभी होती. गावात मोटारसायकली घरटी एक, आणि एकही डिझेलवर चालत नाही. बप्पांनी शंभर लिटर डिझेल समोर मांडून एकेका माणसाला हात जोडून परत पाठवलं. दुपारी एकच ट्रॅक्टरवाला आला. बप्पांना हुरूप आला. तो मागच्या पोळ्याला उसना नेलेला कॅन परत द्यायला आला होता. भरलेला. रात्री दिल्लीत बोलणी होऊन संप मिटला.

त्यानंतर हौद्यात पेट्रोलचाही एक कॅन आला, झाकणाला लाल चिंधी बांधलेला. मी लगेच नियम सांगून ठेवला. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानं विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येतं, डिझेलच्या बाबतीत कायदा बराच सैल आहे. बप्पांना आकडा फक्त तीस ऐकू आला आणि त्यांनी तो किमान मर्यादा म्हणून लक्षात ठेवला.

जागेचा प्रश्न मात्र आला. हौदा भरलेला. मग बप्पांनी वेल्डरकडं जाऊन गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, अँगलचा एक सुबक पिंजरा मारून घेतला. डिझेलचे दोन कॅन त्यात फिट्ट. काम इतकं नेटकं झालं, की गावात दोघा-तिघांनी तसं करून घ्यायचं मनात आणलं. पिंजऱ्याच्या जागी आधी काय होतं, हे काजवे बघायला जाईपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नाही. राजूरच्या पुढं, रात्री, अंधाऱ्या वळणावर मागचं चाक बसलं. बप्पा टॉर्च घेऊन खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. स्टेपनी घरी होती, गोठ्यात. तिच्यावर काकूंनी पाण्याचा माठ ठेवला होता आणि माठ छान बसतो म्हणून त्या कुणाला हलवू देत नव्हत्या.

आमच्याकडं त्या रात्री सव्वाशे लिटर इंधन होतं. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली, काच खाली केली आणि विचारलं, "डिझेल संपलं का काका?" बप्पांनी उत्तर दिलं नाही. तो भला माणूस जाऊन गावातून पंक्चरवाल्याला घेऊन आला. काजवे मात्र रस्त्याकडेच्या झाडांवरही होते, दिवे बंद ठेवायला लागले म्हणून उलट जास्त दिसले. पोरं खूश. बप्पांनी वर बघितलंच नाही. पंक्चरवाला परत जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या मोटारसायकलकडं बोट करून हळूच विचारलं, "पेट्रोल हाय ना गाडीत?" त्याला एक लिटर घ्यायला लावलं तेव्हा कुठं त्यांचा जीव खाली पडला.

बीडला रेल्वे आली, १७ सप्टेंबर २०२५ ला. १९९५ मध्ये मंजूर झालेली नगर-बीड-परळी लाइन. तिच्यासाठी आंदोलनं करता करता माणसं म्हातारी झाली, त्यामुळं जिल्हाभर आनंद होता. बप्पा मला एवढंच विचारून गेले, "डिझेलवर हाय का? संपलं तर मधी कोन देनार?"

सध्या त्यांच्या डोक्यात लडाख आहे. पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, की मनालीहून लेहला जाताना लाहौलमध्ये तांडी नावाचं ठिकाण लागतं. तिथल्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे. वर्षानुवर्षं लोक त्या पाटीपाशी उभं राहून फोटो काढतात. आमच्याकडची माणसं आयुष्यात एकदा काशी बघायची म्हणतात. बप्पांना ती पाटी बघायचीय. परवा संध्याकाळी ते लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि पेन घेऊन माझ्या ओट्यावर आले.

मी हिशेब केला. लादलेली गाडी, डोंगर, लिटरला बारा धरले तरी ३६५ किलोमीटरला तीस-एकतीस लिटर. बप्पांची टाकी भरली की याच्यापेक्षा कितीतरी जास्त जाते, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. म्हणजे देशात जिथं पंपाची एवढी मोठी फट पडते म्हणतात, तिथंही तांडीला टाकी भरून घेतली की कॅन एकसुद्धा लागत नाही. मी पत्रिका त्यांच्यापुढं धरली. बप्पांनी आकडे वरून खाली बघितले, मग खालून वर बघितले. पेन घेऊन उत्तराखाली एक रेघ मारली.

"सर, तुमचं गनित सपाटीचं हाय," ते म्हणाले, आणि फाटकापाशी उभ्या पोराला हाक मारली, "ए, त्या वेल्डरला फोन लाव. म्हनावं, टपावर काय बसतंय का बघ."